थंड गावाने घडवलेला गारवा : सिरॅक्यूजचा कॅरिअर कारखाना आणि त्याचे कामगार

ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी १७ जुलै १९०२ रोजी पूर्ण झालेला आराखडा हा आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ मानला जातो. २०२७ साली त्याला १२५ वर्षे होत आहेत. शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्या आराखड्याचे कर्ते विलिस हॅविलंड कॅरिअर यांचे स्मरण पानोपानी होईल आणि ते उचितच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यांच्या नावाने उभी राहिलेली संस्था, आणि त्यातही न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरात तिच्या कारखान्यात राबलेली माणसे, हा आहे. आराखडा एका टेबलावर तयार होतो. पण गिरण्या, नाट्यगृहे आणि धनिकांचे वाडे यांपुरती असलेली थंड हवा साध्या नोकरदाराच्या निजायच्या खोलीत पोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ती पोचवली पत्रा कापणाऱ्या, तांब्याच्या नळ्या वाकवणाऱ्या, ब्रेझिंग करणाऱ्या आणि गॅस भरणाऱ्या हजारो हातांनी. त्या हातांची नोंद कोणत्याही पेटंटमध्ये नाही. ती इथे व्हावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

सिरॅक्यूज हे अमेरिकेतील सर्वाधिक बर्फ पडणाऱ्या मोठ्या शहरांपैकी एक. ऑन्टारिओ सरोवरावरून येणारे वारे तिथे दर हिवाळ्यात सरासरी तीन मीटरच्या आसपास बर्फ टाकून जातात. टेक्सास, फ्लोरिडा, लुइझियाना येथील घरांना गारवा देणारी यंत्रे याच गावातील माणसांनी घडवली.

पूर्वपीठिका : १९०२ ते १९१४

सॅकेट-विल्हेल्म्स या ब्रुकलिनमधील छापखान्यापुढची अडचण हवेतील दमटपणाची होती. बहुरंगी छपाईत एकच कागद यंत्रातून अनेकदा जातो. दोन छपायांच्या मधल्या काळात हवेतील ओल वाढली की कागद ताणे, कमी झाली की आखडे, आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. आपल्याकडे पावसाळ्यात छापखाना चालवलेल्या मंडळींना ही डोकेदुखी समजावून सांगायला नको. कॉर्नेल विद्यापीठातून वर्षभरापूर्वी बाहेर पडलेले, बफेलो फोर्ज कंपनीत नोकरीला लागलेले २५ वर्षांचे कॅरिअर यांच्याकडे हे काम आले. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेली तर ती थंड होतेच, शिवाय तिच्यातील ओलही नळ्यांवर ठिबकून निघून जाते, या तत्त्वावर त्यांनी यंत्रणा बेतली. तापमान, आर्द्रता, हवेचे खेळते राहणे आणि तिची स्वच्छता या चारही गोष्टी एकत्र सांभाळणे हे या नव्या शास्त्राचे सूत्र ठरले.

१९०६ साली कॅरिअर यांना हवेवर प्रक्रिया करणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळाले. १९११ साली त्यांनी हवा, उष्णता आणि ओल यांच्या संबंधाची सूत्रे यंत्र-अभियंत्यांच्या संघटनेपुढे मांडली. त्यावरून बेतलेला सायक्रोमेट्रिक तक्ता आजही आपल्या तंत्रनिकेतनांत शिकवला जातो. घरासाठी मात्र ही यंत्रणा तेव्हा आवाक्याबाहेरची होती. १९१४ साली मिनियापोलिस येथील चार्ल्स गेट्स यांच्या वाड्यात बसवलेले यंत्र सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि वीस फूट लांब होते. ते ठेवायलाच एक दालन लागे.

१९१५ ते १९२९ : सात जणांची कंपनी

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर बफेलो फोर्जने आपले लक्ष मूळ उत्पादनाकडे वळवायचे ठरवले आणि वातानुकूलनाचे काम आवरते घेतले. तेव्हा विलिस कॅरिअर, जे. आयर्विन लाइल आणि त्यांचे पाच सहकारी अशा सात तरुण अभियंत्यांनी स्वतःची पुंजी एकत्र केली. ३२,६०० डॉलरच्या भांडवलावर २६ जून १९१५ रोजी कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली. आरंभी संस्थेकडे स्वतःचा कारखाना नव्हता. आराखडे आपले, यंत्रे इतरांकडून करून घेतलेली, अशी ती वर्षे होती. पुढे न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे संस्थेने कारखाना घेतला आणि अभियंत्यांच्या जोडीला फिटर, टर्नर, पत्रा-कामगार आणि जोडारी आले. संस्थेच्या कामगारवर्गाची खरी सुरुवात इथून झाली.

१९२२ साली अपकेंद्री, म्हणजे सेंट्रिफ्यूगल, शीतयंत्र लोकांसमोर आले. जुन्या अमोनियाच्या यंत्रांपेक्षा ते आटोपशीर आणि माणसांच्या वर्दळीत अधिक सुरक्षित होते. १९२४ साली डेट्रॉइटमधील हडसन या मोठ्या दुकानात आणि १९२५ च्या मे अखेरीस न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील रिव्होली चित्रपटगृहात ते बसले. उन्हाळ्यात ओस पडणारी चित्रपटगृहे त्यानंतर उन्हाळ्यातच भरू लागली. सामान्य माणसाला थंड हवेची ओळख झाली ती अशी, तिकीट काढून.

१९३० ते १९३९ : सिरॅक्यूजला बिऱ्हाड

१९३० साली दोन अन्य कंपन्या सामील होऊन कॅरिअर कॉर्पोरेशन आकाराला आले. लगेच महामंदीचा फटका बसला. कामे आटली, कारखाने न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात विखुरलेले, आणि खर्च पेलेना. सर्व काम एका छपराखाली आणण्यासाठी १९३७ साली संस्थेने सिरॅक्यूजला बिऱ्हाड हलवले.

सिरॅक्यूज हे मूळचे मिठागरांचे आणि ईरी कालव्यावरचे गाव. तिथली फ्रँकलिन ही मोटार कंपनी पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी प्रसिद्ध होती. मंदीत १९३४ साली ती बंद पडली होती. गेडिस स्ट्रीटवरील तिच्या रिकाम्या इमारतींत कॅरिअरची यंत्रे लागली. मोटारीचे सुटे भाग बनवण्यात हात बसलेले कारागीर गावात होतेच. इटालियन, पोलिश, आयरिश, जर्मन अशा नाना मुळांची ही माणसे होती. संस्थेला तयार हात मिळाले आणि काम गमावलेल्या गावाला पुन्हा काम मिळाले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात संस्थेने बर्फघराच्या आकाराचे दालन उभारून भविष्यातील घर कसे असेल याचे चित्र लोकांना दाखवले.

घरगुती यंत्राचे प्रयत्न याच दशकात सुरू झाले. १९३० साली जाहीर झालेले फ्रिऑन-१२ हे शीतकारक विषारी नव्हते आणि पेट घेत नव्हते, त्यामुळे यंत्र माणसाच्या उशाशी ठेवणे शक्य झाले. १९३२ च्या सुमारास कॅरिअरने खोलीसाठी कपाटासारखे यंत्र आणले. इतर कंपन्यांची खिडकीत बसणारी यंत्रेही दशकाच्या अखेरीस बाजारात आली. पण किंमत इतकी, की सामान्य घराने तिच्याकडे फक्त पाहावे.

१९४० ते १९४६ : युद्धाची वर्षे

अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ साली केवळ सुखसोयीसाठीचे वातानुकूलन बनवण्यास सरकारने मनाई केली. मोठ्या दुकानांतील काही शीतयंत्रे काढून युद्धसाहित्याच्या कारखान्यांत बसवण्यात आली. सिरॅक्यूजच्या कामगारांनी या काळात पाणबुडीविरोधी हेजहॉग क्षेपक, विमानांच्या इंजिनांच्या बैठका अशी कामे केली. त्याबद्दल लष्कर आणि नौदलाचे उत्कृष्टतेचे निशाण संस्थेला मिळाले. क्लीव्हलंड येथे विमानांच्या चाचणीसाठी उभारलेल्या वातबोगद्याची शीतयंत्रणाही कॅरिअरचीच. अति उंचीवरील कडाक्याची थंडी जमिनीवर निर्माण करण्याचे ते काम विलिस कॅरिअर स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी मानत.

पुरुष आघाडीवर गेल्यामुळे अमेरिकेतील इतर कारखान्यांप्रमाणे इथेही स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला आल्या. युद्धसाहित्याला सूतभर चूक चालत नाही. या वर्षांत अंगवळणी पडलेली मोजमापाची शिस्त पुढे घरगुती यंत्रांच्या कामी आली, आणि तिचे श्रेय त्या काळी यंत्रांवर उभ्या राहिलेल्या सर्व स्त्री-पुरुषांचे आहे. १९४२ पासून क्लाउड वॅम्पलर यांनी अध्यक्षपद सांभाळले आणि युद्धानंतरच्या विस्ताराची तयारी युद्ध चालू असतानाच सुरू झाली.

१९४७ ते १९४९ : थॉम्पसन रोड

१९४७ साली संस्थेने शहराच्या पूर्वेला, ड्यूइट गावाच्या हद्दीतील थॉम्पसन रोडवरचा मोठा कारखाना घेतला. युद्धकाळात जनरल इलेक्ट्रिकच्या टर्बाइनसाठी तो उभारला गेला होता. उंच छपरे, जड क्रेन, आत येणारा रेल्वेचा फाटा आणि पुढे वाढायला मोकळी जागा, सगळे तयार होते. तिथल्या इमारतींना रस्त्याच्या नावावरून टीआर-१, टीआर-२ असे क्रमांक पडले. आपण कोणत्या टीआरमध्ये काम करतो, हीच पुढे इथल्या माणसाची ओळख झाली. शेजारचा वाहतुकीचा मोठा चौक कॅरिअर सर्कल या नावाने ओळखला जाऊ लागला आणि १९५४ साली न्यूयॉर्क राज्याचा द्रुतगती महामार्ग सुरू झाल्यावर त्यावरून बाहेर पडण्याच्या वाटेलाही तेच नाव मिळाले.

वेळही योग्य होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती. १९४६ नंतर दरवर्षी दहा लाखांहून अधिक नवी घरे सुरू होत होती; १९५० साली तो आकडा वीस लाखांच्या जवळ गेला. बहुतेक घरे एका साच्यातली, सखल छपराची आणि पातळ भिंतींची होती. जुन्या घरांचे उंच आढे, रुंद ओसऱ्या आणि समोरासमोरच्या खिडक्या त्यांत नव्हत्या. ती उन्हात तापत, आणि म्हणून त्यांना यंत्राची गरज होती. १९४७ साली देशभरात सर्व कंपन्यांची मिळून खिडकीत बसणारी सुमारे ४३,००० यंत्रे विकली गेली.

१९५० ते १९५९ : गारवा घरी आला

दशकाच्या आरंभीच, ७ ऑक्टोबर १९५० रोजी, विलिस कॅरिअर यांचे निधन झाले. त्यांनी पाहिलेले घरगुती यंत्राचे स्वप्न फळाला आले ते त्यांच्या पश्चात. १९५३ साली देशातील खोली-यंत्रांची विक्री दहा लाखांवर गेली. सहा वर्षांत वीसपटीहून अधिक झालेली ही वाढ एकट्या कॅरिअरची नव्हती. फेडर्स, फिल्को, फ्रिजिडेअर, जनरल इलेक्ट्रिक, क्रायस्लरची एअरटेम्प अशा अनेक कंपन्यांच्या कामगारांचा तो एकत्रित पराक्रम होता. मात्र छापखान्यातील यंत्रणेपासून बेडरूममधील यंत्रापर्यंतची सारी वाट चाललेली संस्था म्हणून सिरॅक्यूजच्या कारखान्याचे स्थान त्यात वेगळे आहे.

त्या काळात असे यंत्र कसे घडत होते, हे इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कामगारांचे कर्तृत्व त्या तपशिलातच आहे.

कामाची सुरुवात पोलादी पत्र्याच्या गुंडाळीपासून. कात्रीवर पत्रा मापात कापायचा, प्रेसखाली डाय लावून त्याला भोके, कंगोरे आणि हवेच्या जाळ्या पाडायच्या, मग वाकवून स्पॉट वेल्डिंगने पेटी उभी करायची. धुऊन, गंजरोधक प्रक्रिया करून, रंग फवारून ती भट्टीत भाजायची. खिडकीतील यंत्राचा अर्धा भाग कायम उन्हापावसात असतो. पत्र्याची एक कड रंगावाचून राहिली तरी दोन पावसाळ्यांत ती खाल्ली जाते, हे रंगखात्यातील प्रत्येकाला पाठ असे.

दुसऱ्या बाजूला कॉइल तयार होत. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीतून फिन ठोकल्या जात. तांब्याच्या नळ्या हेअरपिनसारख्या वाकवून त्या फिनांच्या भोकांतून ओवायच्या, आणि नळीत तिच्यापेक्षा किंचित जाड गोळी दाबून नळी आतून फुगवायची, म्हणजे ती फिनला घट्ट बसते. हा संपर्क ढिला राहिला तर तांब्यातील गारवा फिनपर्यंत पोचतच नाही. मग उघड्या टोकांवर वाकडे तुकडे बसवून ब्रेझिंग. एका कॉइलला असे कितीतरी जोड, आणि त्यांतला प्रत्येक जोड यंत्राच्या आयुष्यभर शीतकारकाचा दाब सोसणार. ज्योत कमी पडली तर भरणधातू आत ओढला जात नाही, जास्त झाली तर तांबे जळते. तांब्याचा रंग पाहून ज्योत मागे घ्यायची ही नजर पुस्तकातून येत नाही. जुन्या कामगाराशेजारी नव्याने महिनोन्‌महिने उभे राहून ती कमवावी लागते.

कॉम्प्रेसर हे यंत्राचे हृदय. पूर्वी मोटार बाहेर आणि पट्ट्याने कॉम्प्रेसर फिरवलेला असे. दांड्याच्या सीलमधून गॅस गळे आणि दुरुस्तीवाला घरी यावा लागे. मोटार आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी कवचात घालून ते वेल्डिंगने कायमचे बंद करण्याच्या पद्धतीने घरगुती यंत्र खऱ्या अर्थाने घरगुती झाले. पण कवच एकदा बंद झाले की आत पुन्हा हात घालता येत नाही. ओल, धुळीचा कण, धातूचा किस यांतले काहीही आत राहून चालत नसे. मोटारीचे वाइंडिंग करणारे, दट्ट्याचे माप घेणारे आणि कवच बंद करणारे या सर्वांच्या कामाची परीक्षा वर्षानुवर्षे कुणाच्या तरी घरात, रात्री झोपेच्या वेळी, होणार होती.

शेवटी सारे जुळणीच्या पट्ट्यावर एकत्र येई. कॉइल, कॉम्प्रेसर, पंखे, केशनलिका जोडल्या की यंत्र पंपाला लावून आतील हवा आणि ओल पूर्ण खेचायची, मग मोजून गॅस भरायचा. या दशकात फ्रिऑन-१२ च्या जोडीला आर-२२ आले. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या कॉम्प्रेसरमधून अधिक गारवा मिळू लागला. गळती शोधण्यासाठी त्या काळी सर्रास हॅलाइड टॉर्च वापरत. तिची नळी एकेका जोडावरून फिरवायची. गॅस निसटत असला तर निळी ज्योत हिरवी होते. त्यानंतर यंत्र चालवून पाहायचे, आवाज ऐकायचा, पंख्याचा तोल पाहायचा, आणि मगच ते खोक्यात जाई. एक टनाचे यंत्र म्हणजे ताशी १२,००० ब्रिटिश औष्णिक एकके उष्णता बाहेर टाकणारे यंत्र, म्हणजेच एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढे काम. घरगुती यंत्रे बहुधा त्याहून लहान असत.

या धंद्याची लय ऋतूंवर चाले. मागणी उन्हाळ्याची, म्हणून उत्पादनाची धांदल हिवाळ्यात आणि वसंतात. बाहेर गुडघाभर बर्फ असताना आत पाळ्यांवर पाळ्या चालत, आणि उन्हाळा सरला की हातचे काम कमी होई. या चढउतारात घर चालवणे सोपे नव्हते. कामगारांच्या कुटुंबीयांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी, जी काटकसर केली तीही या इतिहासाचा भाग आहे.

संपूर्ण घर थंड करणारी केंद्रीय यंत्रणा हे दशकातील दुसरे मोठे पाऊल. १९५४ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे घरबांधणी व्यावसायिकांच्या पुढाकाराने २२ घरांची वातानुकूलित वसाहत उभारून निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रणा प्रत्यक्ष राहत्या कुटुंबांत तपासल्या गेल्या. १९५५ साली ब्रायंट, डे अँड नाइट आणि पेन ही घरगुती उष्णता-यंत्रांची नावे कॅरिअरच्या परिवारात आली. त्यामुळे हिवाळ्याची ऊब आणि उन्हाळ्याचा गारवा एकाच यंत्रणेतून देणे सोपे झाले. १९५७ साली केंद्रीय गृहकर्ज यंत्रणेने वातानुकूलनाचा खर्च घराच्या कर्जात धरण्यास मान्यता दिली आणि हप्त्यावर घर घेणाऱ्यालाही ते परवडू लागले. याच काळात न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या उंच इमारतीत कॅरिअरची यंत्रणा काम करू लागली. जगाच्या चर्चेचे सभागृह आणि टेक्सासमधील तीन खोल्यांचे घर, दोन्हींचा गारवा एकाच संस्थेच्या कामगारांच्या हातचा होता.

१९६० ते १९६९ : हक्क आणि विस्तार

१९६० च्या जनगणनेत अमेरिकेतील सुमारे १२ टक्के घरांत वातानुकूलन आढळले. त्याच वर्षी मार्च महिन्यात सिरॅक्यूजच्या कारखान्यात पोलाद कामगार संघटनेच्या नेतृत्वाखाली संप झाला. त्या वेळच्या मागण्या, चर्चा आणि मतभेद यांत आज जाण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंची माणसे संस्थेचीच होती. मात्र या संपातून निघालेला एक प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कारखान्यात मालगाड्या नेणाऱ्या, रेल्वेच्या मालकीच्या फाटकापाशी संपकऱ्यांना निदर्शने करता येतील का, असा तो प्रश्न होता. १९६४ साली न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेच्या कामगार कायद्याच्या अभ्यासात तो निकाल आजही वाचला जातो. यंत्रांप्रमाणेच कायद्यातही सिरॅक्यूजच्या कामगारांचे नाव असे नोंदले गेले आहे. पुढच्या काळात पत्रा-कामगारांच्या संघटनेने इथल्या कामगारांचे प्रतिनिधित्व केले.

मागणी वाढत होती तसतसा संस्थेचा पसारा दक्षिणेकडे सरकला. टेनेसीसारख्या राज्यांत घरगुती यंत्रांचे नवे कारखाने निघाले. तिथल्या नव्या कामगारांना सिरॅक्यूजमध्ये सिद्ध झालेल्या पद्धतींचा आधार होता.

१९७० ते १९७९ : काटकसरीचे धडे

१९७० साली अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक घरांत वातानुकूलन होते. त्याच वर्षीच्या जनगणनेने आणखी एक गोष्ट दाखवली. पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर जाणाऱ्या दक्षिणेकडे आता माणसे येऊ लागली होती. या स्थलांतराची कारणे अनेक, पण दक्षिणेचा उन्हाळा सुसह्य झाला हे त्यातील एक ठळक कारण.

१९७३ च्या तेलटंचाईने विजेचा हिशेब बदलला. किती गारवा, याबरोबर किती विजेत, हेही गिऱ्हाईक विचारू लागले. मोठी कॉइल, दाट फिन, सुधारलेले कॉम्प्रेसर यांवर संशोधन विभाग आणि उत्पादन विभाग यांनी खांद्याला खांदा लावून काम केले. सुटे कॉम्प्रेसर विकणारी कार्लाइल ही शाखा संस्थेचा मोठा आधार ठरली. कॅरिअर आणि लाइल या दोन संस्थापकांची नावे तिच्यात एकत्र आहेत. १९७९ साली संस्था युनायटेड टेक्नॉलॉजीज या उद्योगसमूहात गेली. हे स्थित्यंतर सर्वांना रुचणारे नव्हते, तरी शॉप फ्लोअरवरील काम एक दिवसही ढिले पडू नये ही जबाबदारी कामगारांनी आणि फोरमन मंडळींनी पाळली.

१९८० ते १९९९ : जगभर, आणि हवेच्या हितासाठी

१९८० साली सिरॅक्यूज विद्यापीठाच्या नव्या क्रीडागाराला संस्थेच्या २७.५ लाख डॉलरच्या देणगीमुळे कॅरिअर डोम हे नाव मिळाले. चार दशके गावातील पोरासोरांच्या तोंडी ते नाव राहिले. याच दशकात भारतात गुडगाव येथे कॅरिअरचा कारखाना उभा राहिला आणि आपल्याकडील विक्रेते, मेकॅनिक आणि बसवणारे कारागीर यांचा या संस्थेशी रोजचा संबंध सुरू झाला.

दरम्यान एक गंभीर गोष्ट समोर आली होती. क्लोरीनयुक्त शीतकारके वातावरणातील ओझोनचा थर विरळ करतात, हे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी मांडले. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर सर्व उद्योगाला जुनी शीतकारके सोडावी लागली. शीतकारक बदलले की तेल, सील, दाब, भिंतीची जाडी, सारेच बदलते. कामगारांना हात बसलेले काम पुन्हा शिकावे लागले. १९९६ साली कॅरिअरने ओझोनला अपाय न करणारे प्युरॉन, म्हणजे आर-४१०ए, वापरणारी घरगुती यंत्रणा बाजारात आणली. त्याचा दाब आर-२२ पेक्षा बराच अधिक. म्हणजे जोडाची परीक्षाही अधिक कडक.

२००० नंतर : उत्पादनाचा निरोप

ऑक्टोबर २००३ मध्ये सिरॅक्यूजमधील उरलेले उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. सुमारे १,२०० जणांच्या नोकऱ्यांचा तो प्रश्न होता. राज्य शासन आणि स्थानिक लोकप्रतिनिधी यांनी उत्पादन राखण्याचे प्रयत्न केले, पण काम आशियात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गेले. तीन-तीन पिढ्या ज्या फाटकातून आत गेल्या, त्या फाटकाचे काम थांबले. पुढे काही जुन्या टीआर इमारती पाडण्यात आल्या. ज्या दक्षिणेला या माणसांनी राहण्याजोगे आणि काम करण्याजोगे केले, तिथेच अमेरिकेतील उद्योगाचा मोठा भाग सरकला होता. हे दुःख खरे आहे, आणि संस्थेच्या इतिहासात ते स्वच्छ शब्दांत नोंदले पाहिजे. उत्पादन गेले, तरी या कामगारांचे कसब जगभरच्या कारखान्यांच्या कार्यपद्धतीत उतरले आहे.

आजचे कार्य

एप्रिल २०२० मध्ये संस्था पुन्हा स्वतंत्र झाली. कॅरिअर ग्लोबल या नावाने तिचा कारभार आता फ्लोरिडातून चालतो. सिरॅक्यूजमध्ये संशोधन, अभियांत्रिकी आणि चाचणीचे काम चालू आहे. आज अमेरिकेतील दहापैकी जवळजवळ नऊ घरांत वातानुकूलन आहे. आपल्याकडेही विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा कूलरला दाद देईनासा झाला आहे आणि मध्यमवर्गीय घरात एसी ही चैन राहिलेली नाही.

त्याबरोबर जबाबदारीही वाढली आहे. आर-४१०ए ओझोनला अपाय करत नसले, तरी पृथ्वीचे तापमान वाढवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. म्हणून आता त्याची जागा आर-३२ सारखी शीतकारके घेत आहेत. त्यांतली काही सौम्य ज्वालाग्राही आहेत. यंत्र कितीही प्रगत असो, त्यातला गॅस आत राहतो की हवेत जातो हे शेवटी एका माणसाने केलेल्या जोडावर ठरते, मग तो जोड कारखान्यातला असो की ठाण्या-नाशिकच्या गच्चीवर एसी बसवताना केलेला. १९५० च्या दशकात थॉम्पसन रोडवर जो चोख जोड हे कारागिराच्या अभिमानाचे कारण होता, तोच आज पर्यावरणाच्या रक्षणाचे साधन आहे.

ऋणनिर्देश

या इतिहासाचे श्रेय सात संस्थापकांचे आहे, त्यांच्या मागून आलेल्या अध्यक्षांचे आणि अभियंत्यांचे आहे, आणि तितकेच प्रेस ऑपरेटर, वेल्डर, वाइंडर, रंगारी, तपासनीस, फोरमन, क्रेनचालक, पॅकिंग करणारे, उपाहारगृह चालवणारे आणि रात्री कारखाना झाडणारे या सर्वांचे आहे. घरगुती वातानुकूलन सामान्यांचे झाले ते किंमत उतरल्यामुळे, आणि किंमत उतरली ती काम अचूक आणि वेगाने झाल्यामुळे. हे काम ज्यांनी केले त्यांची नावे उत्पादनाच्या नोंदवह्यांत, संघटनेच्या सभासद-याद्यांत आणि त्यांच्या मुलाबाळांच्या आठवणींत विखुरलेली आहेत.

महाराष्ट्रातही शीतयंत्रांच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेली माणसे आज निवृत्त होत आहेत. त्यांची हजेरीपत्रके, छायाचित्रे, हत्यारे आणि आठवणी जपून ठेवण्याचे काम या महोत्सवी वर्षात हाती घेण्यासारखे आहे. ते आपल्या संस्थांनी, संघटनांनी आणि तंत्रनिकेतनांनी मिळून करावे, ही या लेखाद्वारे सर्वांना विनंती आहे.